वाल्मीकचे दोन्ही हात

मित्रांनो, मी दमलो आहे. नाव-गाव सांगण्याआधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज बसला तर तुम्ही समजून घ्याल. सातपूरच्या अशोकनगरात दोन खोल्यांच्या एका घराला टेकून पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे स्कूटर उभी असायची, आता मी उभा असतो. मला सरफेस ग्राइंडर म्हणतात.

हे कसलं नाव, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमच्या घरातलं डब्याचं झाकण किंवा दाराची कडी पत्र्यातून दाबून काढतात. ज्या पोलादी ठोकळ्यांमध्ये तो पत्रा दाबतात त्यांना डाय म्हणतात. त्या ठोकळ्यांचा पृष्ठभाग अगदी सपाट घासायचा, हे माझं काम. माझ्या डोक्याशी एक खरखरीत व्हील विजेवर गरागरा फिरतं. त्याच्याखाली एक टेबल डावीकडून उजवीकडे जातं आणि परत येतं. टेबलावर ठोकळा चुंबकानं धरलेला असतो, तो व्हीलखालून जातो आणि ठिणग्या उडतात. एका फेरीत निघतं किती? डोक्यावरच्या एका केसाचे सात भाग केले तर त्यातला एक. बस्स. म्हणून फेऱ्या मारत बसायचं, शंभर, दोनशे, पाचशे. आणि हे टेबल विजेवर चालत नाही बरं का. पुढे डाव्या बाजूला एक मोठं चाक आहे, चाकाला एक मूठ आहे. ती मूठ डाव्या हातानं धरून चाक फिरवलं तरच टेबल हलतं. माणूस थांबला की मी थांबलो.

माझा जन्म पंजाबातल्या बटाल्याचा. भट्टीतून काढल्यावर मला वर्षभर नुसतं अंगणात टाकून दिलं होतं. रागानं नव्हे हो! ताजं ओतलेलं लोखंड आतून अस्वस्थ असतं, पुढे वाकडंतिकडं होतं. म्हणून ते उन्हापावसात मुरू द्यायचं, लोणच्यासारखं. मग दोन म्हाताऱ्या कारागिरांनी माझ्या अंगावरून हातानं पटाशी फिरवून मला सपाट केलं. आज तसं कुणी करत असेल की नाही, देव जाणे. तिथून मालगाडीनं मी नाशिकला आलो, सातपूरच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय आणि हत्यारं बनवायच्या विभागात.

तिथे तीन शिफ्टमध्ये तीन माणसं माझ्यावर काम करायची. चांगले दिवस होते. बाहेरचे साहेब कंपनी बघायला आले की त्यांना माझ्यापुढे आणून उभं करायचे आणि म्हणायचे, आमचा सगळ्यात बिनचूक ग्राइंडर हाच. मी आठ वर्षांचा झालो तेव्हा नांदगावकडचा वाल्मीक हेल्पर म्हणून आला. वय एकोणीस, अंगात शर्ट थोरल्या भावाचा, आणि बोलायला लाजायचा. वयानं तो मोठा असला तरी नोकरीत मी सीनियर, म्हणून मी त्याला आजही एकेरीच बोलतो.

वाल्मीकचा कान फार चांगला. सहा महिन्यांत तो ठिणग्यांच्या आवाजावरून सांगायला लागला की आता पोलाद कडक लागलंय, आता व्हील खाली जास्त उतरलंय. शेवटच्या फेऱ्या मारताना व्हील खाली उतरवायचं नसतं. नुसतं टेबल हलवत राहायचं, ठिणग्या कमी कमी होत जातात आणि शेवटी थांबतात. घाई करणारे तिथेच फसतात. वाल्मीक कधी घाई करायचा नाही. नव्या माणसांना म्हणायचा, "ठिणगी मरू दे रे. ती आपल्यापेक्षा हुशार हाय, तिला कळतं कधी थांबायचं ते."

आणि एक त्याची सवय होती. त्याचीच कशाला, आमच्या टूलरूममधल्या सगळ्यांचीच. कामाला लागायच्या आधी मशीनला नमस्कार करायचा. कुणी मोटरला हात लावायचं, कुणी टेबलाला. वाल्मीक उजव्या हाताची बोटं माझ्या चाकाच्या मुठीला लावायचा, ती कपाळाला टेकवायचा आणि मगच डाव्या हातानं चाक फिरवायला घ्यायचा. अडतीस वर्षांत त्यानं हा नमस्कार एकदाही चुकवला नाही. पायताण बाहेर काढून यायचा, तेही विसरायचा नाही. मला त्याचा मान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पुढे कंपनीनं दुसऱ्या राज्यात बस्तान हलवलं. नव्या जागी सगळी यंत्रं नवी होती. मला आणि आणखी चार जणांना मागच्या आवारात ताडपत्रीखाली ढकललं. आठ महिने मी तिथे होतो. कबुतरांनी माझ्या डोक्यावर संसार थाटला, टेबलावर गंज चढला. ज्या साहेबांनी माझी तारीफ केली होती ते माझ्या शेजारीच गाडी लावायचे, पण त्यांनी एकदाही ताडपत्री उचलून बघितलं नाही. मग भंगारवाला आला. त्याच्या मागोमाग वाल्मीकही आला, बायकोला घेऊन. कंपनीकडून हिशेबाचे जे काही पैसे हातात मिळाले होते त्यांतून त्यानं मला विकत घेतलं.

त्याची बायको मनीषा माझ्याकडे बघून म्हणाली होती, "अहो, लोक घरात फ्रीज आणतात."

"आणू की फ्रीज," वाल्मीक म्हणाला, "हा चालायला तर लागू दे."

आणि मी चाललो, मित्रांनो. बारा वर्षं त्या शेडमध्ये चाललो. सातपूरमधले पत्रा दाबणारे छोटे प्रेसवाले डाय घेऊन यायचे, वाल्मीक त्या घासून द्यायचा. मुलगी वेदिका शिकली, पुण्याला नोकरीला लागली, फ्रीजही आला. सगळं चाकाच्या त्या मुठीवर. रोजच्या हजारो फेऱ्या, आणि सगळ्या डाव्या हाताच्या.

डावा खांदा कधी दुखायला लागला ते मला नक्की सांगता येणार नाही. पण मुठीवरची पकड मला कळते. आधी तो सकाळी ताजा असायचा आणि संध्याकाळी दमायचा. मग सकाळीच दमलेला यायला लागला. मग चाक फिरवताना हात न हलवता अख्खं अंग हलवायला लागला. तोंडाला मात्र कुलूप.

एके दिवशी मनीषा शेडच्या दारात उभी राहिली. "शर्ट घालायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात. डावा हात बाहीत जात नाही. मला दिसत नाही का?"

"थंडीनं होतं गं."

"मे महिन्यात?"

तिनं त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टरांनी फोटो काढले आणि साफ सांगितलं, खांदा आतून झिजलाय, हे चाक फिरवणं बंद करा, नाहीतर हा हात कायमचा जाईल. वाल्मीक घरी आला आणि शेडमध्ये माझ्यासमोर स्टुलावर बसला. म्हणाला, "हात वाचवायचा तर काम सोडायचं. आन् काम सोडून मी करू काय? दारात बसून येणारे-जाणारे मोजू?"

त्याचा खांदा मीच तर खाल्ला होता.

आता मनीषाबद्दल सांगायला हवं. ती गेली बावीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. म्हणजे मोठमोठ्या यंत्रांना चालू-बंद करणाऱ्या पेट्यांच्या आतल्या वायरी ती जोडते. एका पेटीत चारशे वायरी असल्या तरी एकही चुकत नाही. घरात मात्र याचं कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. वाल्मीक मिस्त्री, आणि ती कामाला जाते, एवढंच.

त्या दिवशी ती म्हणाली, "चाक फिरवायला हातच कशाला पाहिजे? मोटर फिरवेल."

"मोटरीला काय कळतंय घासण्यातलं?"

"काहीच नाही. जे कळायचं ते तुम्हाला कळतंय ना? मग तिनं फक्त फिरवायचं."

तीन आठवडे दर शनिवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती माझ्या अंगाखांद्यावर काम करत होती. एक जुनी गिअरची मोटर आणली, दातेरी पट्टा आणला. टेबलाच्या दोन्ही टोकांना दोन बारीक स्विच बसवले. त्यांना ती प्रॉक्सी म्हणते. टेबल एका टोकाला आलं की प्रॉक्सीला कळतं आणि मोटर उलटी फिरते, दुसऱ्या टोकाला गेलं की पुन्हा सुलटी. हिरवं बटण चालू करायला, तांबडं मोठं बटण एकदम बंद करायला. वाल्मीक दाराला टेकून बघायचा आणि काही ना काही खुसपट काढायचा. पट्टा ढिला वाटतो, पेटी फार जवळ बसवलीस, असं काहीबाही. मनीषा म्हणायची, "चहा ठेवा, बरं वाटेल."

एकाच ठिकाणी दोघांचं जोरात वाजलं. मोटर लागल्यावर टेबलाबरोबर माझं ते मोठं चाकही आपोआप फिरणार होतं, आणि चाकाबरोबर मूठ. मनीषानं पाना घेतला आणि मूठ काढायला लागली.

"ए, मूठ नको काढू."

"अहो, ती गरागरा फिरेल. कुणाला लागली म्हणजे?"

"कोण येतंय इथं? मीच असतो. खांदा गेला, काम तू मोटरीला दिलं. मूठबी काढलीस तर ह्या मशीनमधी माझं काय राहिलं?"

मनीषानं पाना थांबवला. तिला कळत होतं. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर तिनं पेटीला हात लावू दिला नसता. पण समोर नवरा होता, आणि त्याचे डोळे भरले होते. तिनं मूठ परत आवळली आणि तिच्याभोवती तांबडी चिकटपट्टी गुंडाळली, दिसावी म्हणून.

पहिल्या दिवशी तिनं नारळ फोडला, वाल्मीकनं मुठीला हात लावून नमस्कार केला आणि हिरवं बटण दाबलं. मी चाललो! कुणी न ढकलता चाललो. मला कसंतरीच वाटलं, मित्रांनो. सुरुवातीला बरं वाटलं, मग कुणी हात सोडल्यासारखं वाटलं. पण वाल्मीक स्टुलावर बसून ठिणग्या ऐकत होता, वरची चकती फिरवून हलकेच व्हील उतरवत होता. काम झाल्यावर त्यानं डाय मोजली. "बरोबर हाय," तो म्हणाला. मनीषाचा जीव भांड्यात पडला. आठ-दहा दिवस असेच गेले. डाव्या खांद्याचं दुखणं उतरायला लागलं, तो हसायलाही लागला.

आणि मग तो मंगळवार. सकाळी नऊची वेळ, मनीषाची दुपारची पाळी असल्यामुळे ती घरातच होती. वाल्मीक फोनवर बोलत शेडमध्ये आला. एका प्रेसवाल्याची डाय त्याच दिवशी हवी होती आणि तो घाई करत होता. बोलता बोलता वाल्मीकनं डाय टेबलावर ठेवली, चुंबक लावलं, व्हील सुरू केलं आणि हिरवं बटण दाबलं. मी चालू झालो. फोन ठेवल्यावर त्याच्या एकदम लक्षात आलं.

"अरे देवा, नमस्कार राहिलाच."

मित्रांनो, नीट ऐका. अडतीस वर्षांत नमस्कार विसरून माझं चाक फिरलंय असं झालंच नव्हतं, कारण ते त्याच्या हाताशिवाय फिरतच नव्हतं. आता फिरत होतं. आणि तो पायताण काढून, मान लववून, उजव्या हाताची बोटं पुढे करून त्या फिरणाऱ्या मुठीशी आला.

मी थांबू शकलो नाही. मला थांबता येत नाही. मुठीनं त्याचा पंजा ओढला आणि मोटर धरून ठेवणाऱ्या नव्या लोखंडी पट्टीवर चेचला.

तो ओरडलाही नाही. "मनीषा, बंद कर," एवढंच म्हणाला, पण अशा आवाजात की ती हातातलं कणकेचं पीठ तसंच घेऊन धावली आणि तांबड्या बटणावर आपटली. त्या बटणावर पीठ लागलं होतं आणि मुठीवर रक्त. दोघं रिक्षानं गेली. शेड उघडी राहिली. दिवसभर मी तसाच उभा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डावा हात मी अडतीस वर्षं थोडा थोडा खाल्ला, आणि उजवा एका झटक्यात. तोही मला हात जोडायला आलेला.

दोन बोटांची हाडं जोडली, पण ती बोटं पुन्हा वाकली नाहीत. मोजायचं मायक्रोमीटर धरायला तीच दोन बोटं लागतात. मनीषानं तिसऱ्या दिवशी येऊन मूठ काढली. पाना फिरवताना रडत होती. "मीच परत लावली," म्हणत होती, "मला कळत असून मीच लावली." वाल्मीक आतून म्हणाला, "मी सांगितलं म्हणून लावलीस. आन् आता विकून टाक त्याला. मला त्याच्याकडं बघवत नाय."

तिनं मला विकलं नाही. सुट्टी टाकली आणि पडून राहिलेल्या डाय स्वतः घासायला घेतल्या. पहिलीच्या अंगावर काळे डाग पडले. दुसरीलाही. ती तोंड पुसून पुन्हा चालू करायची. वाल्मीक आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. चौथ्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही.

"अगं, ऐकू येत नाय का तुला? व्हील भरलंय! कणांनी भरलंय, म्हणून जाळतंय. त्याच्यावरनं हिरा फिरव आधी."

हिरा म्हणजे टोकाला बारीक हिरा बसवलेली एक कांडी. ती व्हीलवर फिरवली की व्हील पुन्हा धारदार होतं. मनीषानं फिरवली.

"आता?"

"आता चालव. ...हां. आता कसं बोलतंय! ऐकलंस फरक?"

"नाही हो, मला सारखंच वाटतं."

"मग परत ऐक."

दुसऱ्या दिवशी तो दारात खुर्ची टाकून बसला. तिसऱ्या दिवशी खुर्ची आत आली. डोळे मिटून ऐकायचा आणि बोलायचा. अजून ठिणगी हाय, थांबू नको. आता नुसतं चालव. हं, मेली, उचल आता. कधी चिडायचा, कधी ती चिडायची. "मी सगळं पुस्तक वाचल्यासारखं एका दिवसात शिकू का?" म्हणून एकदा पाना आपटून ती आत निघून गेली आणि पाच मिनिटांनी परत आली. असे पाच-सहा महिने गेले. नोकरीवरून आली की हात-पाय धुऊन शेडमध्ये. वरच्या चकतीवरच्या तिच्या पकडीतही आता संध्याकाळचा थकवा मला कळतो. या घरात न दमलेलं कुणीच नाही.

परवा शेखर नावाचा एक प्रेसवाला आला होता. वाल्मीकचं जुनं गिऱ्हाईक, मधल्या काळात दुसरीकडे जाऊन आलेलं. डाय हातात घेऊन त्यानं उजेडात तिरकी धरून बघितली आणि कुजबुजत विचारलं, "वाल्मीकभाऊ, तुम्ही केलीये ना ही? का वहिनींनी? तसं काही नाही, पण मोठं काम आहे, म्हणून विचारलं. मिस्त्रीशीच बोललेलं बरं."

वाल्मीकनं उजवा हात खिशातून काढला. त्याला तो हात लोकांना दाखवायला आवडत नाही. त्या दिवशी त्यानं तो शेखरच्या तोंडासमोर धरला.

"ह्या हातानं मला भाकरीसुदिक मोडता येत नाय, शेखरशेठ. मिस्त्री त्या हायेत. मोठं काम असंल तर त्यांच्याशी बोला."

मनीषा पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही. टेबल चालूच होतं, ठिणग्या कमी होत होत्या, आणि ती त्या थांबायची वाट बघत होती. वाल्मीक उठून घरात गेला. जाताना त्याचा चेहरा मला दिसला. त्यात अभिमान होता, आणि अडतीस वर्षांचं काहीतरी खाली ठेवून आल्यावर माणसाचा होतो तसा रिकामा भावही होता. दोन्ही खरं होतं.

मित्रांनो, आता तुम्ही वाट बघत असाल की हा म्हातारा म्हणेल, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, आम्हाला भंगारात टाकू नका. नाही म्हणणार. मला रोज तेल मिळालं हो. वाल्मीक चहा प्यायच्या आधी मला तेल द्यायचा, तापात असला तरी उठून द्यायचा, माझ्यातून जरा कुरकुर आली तरी दिवसभर अस्वस्थ व्हायचा. त्याचा खांदा मात्र कितीतरी वर्षं कुरकुरत होता. तो त्यानं कुणाला ऐकू दिला नाही, आणि मे महिन्यापर्यंत कुणी विचारलंही नाही.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातांवर घर चालत असेल. चाक फिरवणारे असतील, कणीक मळणारे असतील, स्टिअरिंग धरणारे असतील. आज घरी गेलात की ते हात जरा आपल्या हातात घ्या आणि दुखतंय का ते विचारा. ते नाही म्हणतील. पुन्हा विचारा.